तपकिरी तार

घरातलं नेट गेलं की कारण शोधायची सुरुवात प्रत्येक जण स्वतःपासून जास्तीत जास्त लांबच्या ठिकाणाहून करतो. पहिला संशय कंपनीवर. मग पावसावर, आणि पाऊस नसेल तर रस्त्याच्या खोदकामावर. सोसायटीच्या ग्रुपवर ‘तुमचंही गेलंय का?’ असा प्रश्न येतो. त्यावर काही अंगठे, काही रडके चेहरे आणि एक ‘आमचं व्यवस्थित चालू आहे’. हे शेवटचं वाक्य लिहिणाऱ्या माणसाबद्दल त्या घडीला मनात जे येतं, ते छापण्यासारखं नसतं.

ग्रुपवर एक तरी निवृत्त गृहस्थ असे असतात जे थेट समुद्राच्या तळाशी जातात. ‘केबल तुटलेली दिसते,’ एवढंच लिहितात आणि गप्प बसतात. त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. २००८ च्या जानेवारीत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या होत्या, आणि भारतातलं नेट तेव्हा खरोखरच लंगडत होतं. आपल्याकडे मुंबईत वर्सोव्याला अशा केबल किनाऱ्याला लागतात. कोळीवाड्यात मासे वाळत असतात आणि त्याच वस्तीच्या आसपास वाळूखालून युरोप येत असतो, हे मला कधी कधी उगाचच आठवतं आणि बरं वाटतं. वाराणसीला तर २०१५ मध्ये घाटांवर टाकलेल्या फायबरच्या वायरी माकडं चावून टाकत होती, अशी बातमी होती. तेव्हा दूरच्या कारणांचा तुटवडा नाही. पण ज्यांनी एकदा भूमध्य समुद्र डोक्यात धरला, ते टीव्हीच्या मागे निखळलेल्या पिनेपर्यंत यायला काही केल्या तयार होत नाहीत.

दोष मात्र बहुतेक वेळा तिथेच, हाताच्या अंतरावर असतो. अडचण अशी की तिथे हात घालायचा तर टीव्हीचं युनिट सरकवावं लागतं. युनिट सरकवलं की मागची धूळ दिसते, धूळ दिसली की झाडू येतो, आणि झाडू आला की आतापर्यंत शाबूत असलेली दुसरीच एखादी वायर निघते. म्हणून माणसं भूमध्य समुद्र पत्करतात.

‘पण आता वायर लागते कशाला? वायफाय आहे ना?’ असं पाहुणे विचारतात. आमच्या घरातली वायर २०२० साली आली. सगळं जग घरून काम करायला लागलं, मुलीच्या मीटिंगा आतल्या खोलीत सुरू झाल्या, आणि तिचे साहेब ऐन महत्त्वाच्या वाक्याला तोंड उघडं ठेवून गोठायला लागले. मग मिळेल त्या माणसाकडून, मिळेल त्या मालाची वायर, हॉलमधून पट्टीच्या आतून आणि दाराच्या चौकटीवरून आतल्या खोलीत नेली. बिल्डरनं इंटरनेटचा पॉइंट दिला होता, नाही असं नाही. तो मुख्य दाराच्या मागे आहे. तिथे बसून काम करायचं तर दार उघडणाऱ्या प्रत्येकाला आधी लॅपटॉप उचलून द्यावा लागेल.

पण आता इतक्या वर्षांनी विचाराल तर मी वायरीच्या बाजूचा झालो आहे, आणि त्याचं कारण वेग नव्हे. वायफायच्या तक्रारीला ठावठिकाणा नसतो. भिंत जाड आहे, मध्ये फ्रीज आहे, मायक्रोवेव्ह चालू आहे (हा आरोप खोटा नाही, मायक्रोवेव्ह आणि वायफायचा जुना पट्टा दोघंही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास वावरतात), शेजाऱ्यांचा राउटर फार जोरात आहे. यातलं काहीही सिद्ध करता येत नाही. संध्याकाळी आपोआप बरं होतं आणि मग कोणी बरं केलं यावर वाद. वायरीला दोन टोकं असतात. दोष असला तर या टोकाला, नाही तर त्या टोकाला, फार तर मधे. आमच्या सोसायटीतल्या पार्किंगच्या प्रश्नाबद्दल एवढं खात्रीनं कोणालाच बोलता येणार नाही.

तक्रार नोंदवायला फोन केला की पलीकडची मुलगी विचारते, ‘सर, डब्यावरचे दिवे कोणते लागलेत?’ दिवे वाचणं ही एक स्वतंत्र विद्या आहे. फायबरच्या डब्यावर तांबडा दिवा लुकलुकत असेल तर बाहेरून येणारा प्रकाशच पोचत नाही. फायबर तुटलंय किंवा कुठेतरी कोपऱ्यात फार वाकलंय. इतपत सोपं आहे. राउटरच्या पाठीमागे वायर खोचतात तिथलं बारकं दिवे-प्रकरण मात्र ज्याचं त्याचं निराळं. एका कंपनीच्या वस्तूत हिरवा म्हणजे पूर्ण वेग आणि पिवळा म्हणजे कमी. दुसरीच्या वस्तूत दोन्ही लागले तरच ठीक. तिसरीनं दिवेच काढून टाकलेत, दिसायला बरं म्हणून. दिवा काढून वस्तू देखणी करणाऱ्या त्या माणसाला एकदा रात्री मोबाइलच्या उजेडात पोटावर झोपून वायर तपासायला लावली पाहिजे.

दिव्यांनंतर ठरलेला उपाय: ‘सर, एकदा बंद करून चालू करा.’ लोक या वाक्याला हसतात. मी हसत नाही, कारण पुष्कळदा त्यानं खरंच चालतं. राउटरच्या स्मृतीत दिवसेंदिवस साचलेला कचरा जातो, अडकून पडलेला एखादा प्रोग्रॅम नव्यानं सुरू होतो, कंपनीकडून नवा पत्ता मिळतो, घरातल्या उपकरणांना राउटर पुन्हा नीट पत्ते वाटतो. फक्त यानं नेट येतं आणि कारण जातं. काय बिघडलं होतं ते कधीच कळत नाही. आईचं याबाबतीत म्हणणं ठाम आहे: त्यालाही विश्रांती लागते. ती दुपारी दोन ते चार राउटर बंद ठेवायच्या मताची आहे, आणि पुण्यात राहून या मताला विरोध करणं अवघड जातं.

आता खरी गोष्ट. बिघाड शोधण्याच्या शास्त्राचा एकच कायदा आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम बघायचा. वायर बदला, बघा. नाही झालं? जुनी परत लावा, मग भोक बदला, बघा. वाचायला किती साधं आहे. मराठी कुटुंबात हे निव्वळ अशक्य आहे. नेट गेल्याची हाक उठते त्या क्षणी मी टेबलाखाली वायर काढून परत खोचत असतो, मुलगी लॅपटॉप रीस्टार्ट करत असते, बायको हॉलमध्ये कंपनीचं ॲप उघडून कुठलंसं बटण दाबते, आणि आईनं तोवर राउटरचं मुख्य बटण विश्रांतीसाठी बंद केलेलं असतं. पाच मिनिटांनी नेट येतं. चौघांच्याही चेहऱ्यावर समाधान. पुढच्या वेळी चौघंही आपापलं औषध घेऊन हजर.

गंमत म्हणजे ज्या तंत्रावर ही घरगुती वायर चालते, त्याचा पायाच मुळी ‘एका वेळी एकानं बोलावं’ या नियमावर घातलेला होता. कॅलिफोर्नियात झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी १९७३ मध्ये इथरनेटचं काम सुरू केलं, तेव्हा सगळी यंत्रं एकाच जाड केबलला लोंबकळत असत. म्हणजे एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार. मग नियम असा: बोलण्याआधी कान द्यायचा, कोणी बोलत असेल तर थांबायचं. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर दोघांनीही तात्काळ गप्प व्हायचं आणि चिठ्ठी टाकल्यागत मनाला येईल तेवढा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा टक्कर झाली तर थांबण्याची मुदत दुपटीनं लांबवत न्यायची. म्हणजे जितकी गर्दी तितका संयम जास्त. त्या पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला जेमतेम तीन मेगाबिटच्या आत होता, आणि एवढ्या सभ्यतेवर तो चालला. आता प्रत्येक यंत्राला स्विचपर्यंत स्वतःची स्वतंत्र वायर असते, टक्कर होतच नाही, आणि तो शिष्टाचार जवळपास निकामी झाला आहे. मेटकाफ यांना २०२२ सालचा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. आमच्या घरी ही माहिती मी जेवताना सांगायला घेतली, पण दुसरे तिघं आधीच बोलत होते.

शिस्तीनं शोधायची वेळ आली की घरात नेतृत्व बायकोकडे जातं. तिची नोकरी बँकेत झाली, आणि तीही खातेवह्या हातानं लिहायच्या काळात सुरू झालेली. संध्याकाळी ताळा जमला नाही तर फरक सापडेपर्यंत कोणी घरी जायचं नाही, हा तिथला रिवाज. दिवसभराच्या नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसणारे रात्री नऊला घरी जात. जाणते लोक मधल्या पानाला बेरीज धरून बघत, फरक अलीकडे आहे की पलीकडे ते ठरवत, आणि उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करत. वायरीला ती हेच लावते. तिला कॉम्प्युटरची भाषा येत नाही, पण मुलीनं एकदा पिंग म्हणजे काय ते सांगितल्यावर पुढचं तिनंच रचलं. (पिंग ही युक्ती माइक म्यूस नावाच्या माणसानं १९८३ मध्ये लिहिली, पाणबुडीतून आवाज सोडून पलीकडून प्रतिध्वनी येतो का बघतात, ती कल्पना.) आधी आपल्याच राउटरला हाक मार. त्यानं ओ दिली तर आपली वायर ठीक, पुढे बघ. नाही दिली तर बाहेर जायचं कारणच नाही, टेबलाखाली जा. राउटर ओ देतो, बाहेरचा एखादा पत्ता आकड्यांनी मारलेल्या हाकेलाही ओ देतो, पण तीच साइट नावानं मागितली तर सापडत नाही? मग वायर निर्दोष आहे. नावावरून आकडा काढून देणारी व्यवस्था झोपली आहे. तिला डीएनएस म्हणतात हे बायकोला माहीत नाही आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नाही.

लॅपटॉपनं दाखवलेला पत्ता १६९.२५४ नं सुरू होत असेल, तर तोही एक कबुलीजबाब आहे. याचा अर्थ, पत्ता देणारं कोणी भेटलं नाही म्हणून लॅपटॉपनं स्वतःच स्वतःला एक देऊन टाकला. वायर लागल्यासारखी दिसते, दिवाही असतो, पण पलीकडच्याशी बोलणं झालेलं नाही.

एक बिघाड मात्र असा आहे की तो नीटनेटक्या माणसांच्याच हातून होतो. सोसायटीच्या ऑफिसात कॅमेरे, कॉम्प्युटर आणि प्रिंटर एका आठ भोकांच्या स्विचला जोडलेले आहेत. टापटिपीची आवड असलेल्या एका पदाधिकाऱ्यांना त्या स्विचपाशी एका वायरीचं टोक लोंबकळताना दिसलं. एक भोक रिकामं होतं. त्यांनी टोक त्यात खोचलं, टक् असा आवाज आला, आणि ते समाधानानं घरी गेले. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. ‘सर्वांसाठी’ म्हणून निघालेला प्रत्येक निरोप एका भोकातून बाहेर पडून दुसऱ्यातून परत येऊ लागला, स्विच तो पुन्हा सगळ्यांना पाठवू लागला, आणि थोड्याच वेळात आतली सगळी वाट त्या जुन्याच निरोपांनी भरून गेली. कॅमेरे थिजले. प्रिंटर मुका झाला. स्विचवरचे आठही दिवे असे काही लुकलुकत होते की बघणाऱ्याला वाटावं, आज काम जोरात चाललंय. साध्या, स्वस्त स्विचला ही फेरी ओळखता येत नाही. ते टोक उपटल्यावर सगळं क्षणात सुरळीत झालं, आणि पुढच्या सभेत इतिवृत्तात ‘तांत्रिक बिघाड’ अशी नोंद झाली.

आमच्या घरातला बिघाड याच्या अगदी उलट स्वभावाचा निघाला. तो होता हेच कोणाला माहीत नव्हतं.

झालं असं की मुलीनं एकदा सहज मोबाइलवर वेग मोजला, वायफायवरून. अडीचशेच्या वर आला. मग तिनं वायरीवरच्या कॉम्प्युटरवर मोजला. चौऱ्याण्णव. वायरीवर कमी आणि हवेतून जास्त? पुन्हा मोजला, चौऱ्याण्णव. रात्री, सकाळी, सगळे झोपलेले असताना, चौऱ्याण्णव. आमचं पॅकेज तीनशेचं. मी कंपनीला फोन लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायको म्हणाली, ‘थांब. रोज तोच आकडा येतोय ना? मग तो नेटचा नाही. नेट खालीवर होतं.’ ताळ्याच्या फरकाला नऊनं नेमका भाग जात असेल तर कोणीतरी दोन आकड्यांची अदलाबदल केलेली असते, चोपन्नाच्या जागी पंचेचाळीस लिहिलेले असतात, हे तिनं इतकी वर्षं वापरलेलं. एकसारखा येणारा आकडा तिला सवयीनंच बोलका वाटतो.

आणि तो होताच. शंभर मेगाबिटच्या वायरीवरून पत्ते, पाकिटं, मधली मोकळी जागा वगैरे वजा जाता पदरात पडतात ते साधारण चौऱ्याण्णव. म्हणजे आमची वायर हजाराची असूनही शंभराची होऊन बसली होती.

कंपनीचा माणूस आला, डब्यापाशी मोजून तीनशे दाखवले आणि म्हणाला, ‘काका, आमचं काम डब्यापर्यंत. आतली वायर तुमची.’ सरहद्द स्पष्ट होती. मग कॅमेरे बसवणारा एक मुलगा बोलावला. आपल्याकडे घरातल्या नेटच्या वायरींचं काम तेच करतात. पाठीला सॅक, सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात क्रिम्पिंगचा पाना, कानामागे पेन्सिल. त्यानं टेबलाखाली वाकून वायरीचं टोक हातात घेतलं, क्षणभर बघितलं आणि भारतातला प्रत्येक कारागीर ज्या वाक्यानं कामाला सुरुवात करतो ते वाक्य म्हणाला.

‘काका, हे काम कोणी केलंय?’

इलेक्ट्रिशियन विचारतो, प्लंबर विचारतो, सुतार तर विचारतोच. आपण नाव सांगायचं नसतं. नुसतं ‘कोण जाणे, जुनं आहे’ म्हणायचं. मागच्याची यथास्थित निंदा झाल्याशिवाय पुढच्याचा हात चालत नाही.

त्यानं टेस्टर काढला. त्याचे दोन तुकडे असतात. एक या टोकाला, एक त्या टोकाला. दोन्हींवर एक ते आठ असे बारके दिवे. मुलगी आतल्या खोलीत दुसरा तुकडा धरून बसली आणि मोठ्यानं वाचायला लागली. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. मग जरा खंड. पुन्हा एक. आठवा दिवा लागलाच नाही, इकडचा नाही आणि तिकडचाही नाही.

‘तपकिरी,’ तो म्हणाला. ‘आत पोचलीच नाहीये.’

मग त्यानं टोक कापून नव्यानं बांधायला घेतलं आणि मी स्टूल ओढून बसलो, कारण असं काम बघायला मिळणं ही चैन आहे. बाहेरचं निळं साल त्यानं पात्याचा नुसता स्पर्श करून फिरवलं आणि उपसून काढलं. आत चार जोड्या, प्रत्येकीत दोन तारा एकमेकींना पीळ घालून बसलेल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीची पांढरी पट्ट्यापट्ट्यांची जोडीदारीण. निरखून बघितलं तर प्रत्येक जोडीचा पीळ वेगळा दिसतो, कोणाचा घट्ट, कोणाचा सैल. हा पीळ शोभेचा नाही. शेजारच्या तारांचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडावा आणि पलीकडे वजाबाकीत निघून जावा, म्हणून तो. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं १८८१ मध्ये टेलिफोनच्या तारांसाठी पेटंट केली, आणि आज माझ्या टेबलाखाली ती तशीच होती. सगळ्या जोड्यांचा पीळ सारखा ठेवला तर शेजारणी एकमेकींचंच बोलणं ऐकू लागतील, म्हणून तो निरनिराळा.

पोरानं अर्ध्या इंचाहून जास्त पीळ सोडला नाही. मागच्यानं चांगला दीड इंच सोडला होता, ते त्यानं मला आवर्जून दाखवलं. तारा अंगठ्याखाली रगडून सरळ केल्या आणि क्रम लावला: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी का घुसवलीय, हे कोणालाही पहिल्यांदा बघताना खटकतं. टेलिफोनच्या जुन्या जोडणीत मधल्या दोन पिना एका जोडीच्या असत, तो मान राखून बाकीच्यांना बाजूला बसवलं. मग एका सरळ रेषेत कापून, आठही तारा एकदम प्लगमध्ये घातल्या, पुढच्या टोकाशी आठही ठिपके दिसतायत का ते उजेडाकडे धरून बघितलं आणि पाना दाबला. आत आठ बारीक सोनेरी पाती असतात, ती दाबासरशी एकेका तारेच्या अंगात रुततात. त्या पात्यांवर खरं सोनं असतं, पातळ मुलामा, गंजू नये म्हणून. हे ऐकून आई चष्मा लावून बघायला आली, आणि ‘किती निघेल?’ असं विचारून परत गेली.

कापलेला तुकडा त्यानं ब्लेडनं खरवडला. वरचा तांब्याचा रंग निघून खाली पांढरं चकाकलं. ‘ॲल्युमिनियम,’ तो म्हणाला. ‘वर नुसतं तांबं फासलंय.’ बाजारात अशी वायर स्वस्त मिळते, हातात हलकी लागते, आणि दोन-चारदा वाकवली की आतल्या आत तुटते. लॉकडाउनमध्ये मिळेल ती घेतलेली होती. बदलायची तर पट्टी उचकटायला लागली असती, म्हणून तूर्त टोकावरच भागवलं.

टेस्टरवर आठ दिवे लागले. कॉम्प्युटरवर वेग मोजला. दोनशे नव्वदच्या वर.

आता यातली मला सगळ्यात विलक्षण वाटलेली गोष्ट. शंभर मेगाबिटला आठांपैकी चारच तारा लागतात, नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळी आणि तपकिरी तिथे बिनकामाच्या. हजाराला मात्र चारही जोड्या हव्यात. दोन यंत्रं वायर लागताच आधी आपसात ठरवतात, किती वेगानं बोलायचं. हजार जमत नाही असं दिसलं की बहुतेक यंत्रं कसलीही हरकत न घेता शंभरावर उतरतात आणि कामाला लागतात. तक्रार नाही, तांबडा दिवा नाही. मुलीच्या मीटिंगा झाल्या, आयपीएलचे दोन-तीन मोसम झाले, परदेशातल्या भाच्याचं लग्न आम्ही अख्खं याच वायरीवरून पाहिलं. पूर्ण बंद पडली असती तर तासाभरात सापडली असती. अर्धवट चालत होती म्हणून वर्षानुवर्षं कोणी तिच्याकडे ढुंकून बघितलं नाही. ‘चालतंय ना? मग हात लावू नको,’ हे आमच्या घरात पंख्यापासून नातेसंबंधांपर्यंत सगळ्याला लागू असलेलं धोरण आहे, आणि पैसे तीनशेचे भरत चौऱ्याण्णवावर सुखानं जगता येतं, हा त्याचा भक्कम पुरावा समोर होता. मला राग यायला हवा होता. खरं तर त्या चार तारांचं कौतुकच वाटलं.

दुरुस्तीचा परिणाम म्हणाल तर कोणालाही काही जाणवलं नाही. मुलगी म्हणाली, ‘हो, असेल फास्ट.’ बायको म्हणाली, ताळा जमला, विषय संपला.

जाण्याआधी त्या मुलानं राउटरपाशी लागलेल्या सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावून द्यायचं मनावर घेतलं. एकेक वायर काढायची, घरभर ओरडून विचारायचं काय बंद पडलं, आणि चिठ्ठी चिकटवायची. ‘टीव्ही.’ ‘आतली खोली.’ ‘दारावरचा कॅमेरा.’ चौथी वायर काढली. ‘काय गेलं?’ कोणाचंच काही गेलं नाही. टीव्ही चालू, कॅमेरा चालू, मुलीची मीटिंग चालू. परत लावली, तर तिचा दिवा लागला.

‘म्हणजे पलीकडे काहीतरी जिवंत आहे, काका,’ तो म्हणाला. राउटरच्या यादीत बघितलं, अनोळखी असं एकही यंत्र नव्हतं. त्याचा अंदाज असा की पलीकडे एखादा छोटा स्विच असावा, कोणी तरी कधी तरी लावलेला. अशा साध्या स्विचला स्वतःचा पत्ता नसतो, म्हणून यादीत येत नाही. फ्लॅट आम्ही जुना घेतलेला. वायर भिंतीत शिरते, पुढे बहुधा हॉलच्या पीओपीच्या वर जाते. आधीच्या मालकांनी वर स्विच ठेवून त्यातून खोल्यांना फाटे काढलेले असणार, आणि त्याला वीजही वरच कुठून तरी दिलेली असणार. शोधायचं असेल तर टोनर आणावा लागेल; वायरीत एका टोकाला आवाज सोडायचा आणि भिंतीवरून कांडी फिरवत तो कुठवर ऐकू येतो ते बघायचं. नाही तर पीओपी फोडायची.

मी म्हटलं, सरळ काढूनच ठेवू या ना ती वायर. बायकोचं मत, नोंद कसली आहे ते कळल्याशिवाय खोडायची नाही. मुलगी म्हणाली, वर इतकी वर्षं काहीतरी चालू आहे हे जरा भीतीदायक आहे. मुलगा चिठ्ठीवर काय लिहू म्हणून पेन्सिल धरून थांबला होता.

आतून आई म्हणाली, ‘राहू दे रे. कुणाचं तरी चालत असेल.’